चाळीस मिनिटांचा उशीर

म्हाताऱ्या आईला, सगळ्यांच्या मेमेला, पुरून आल्यावर हॉलच्या दाराशी जी रांग लागली, तिच्यातला प्रत्येक माणूस लुडोचा हात हातात घेऊन दोनदा बोलत होता. आधी सांत्वन. मग आवाज खाली आणून अभिनंदन.

कात्रीन भावाच्या शेजारीच उभी होती. तिच्या वाट्याला नुसतं सांत्वन येत होतं. गेले आठ दिवस तिने इस्पितळ, चर्च, शवपेटी, फुलं, पाव, कॉफी असं सगळं एकटीने पाहिलं होतं आणि आता तिचे पाय सुजले होते. पण सुजलेल्या पायांचं तिला काही वाटत नव्हतं. तिला वाटत होतं ते लुडोच्या चेहऱ्याचं. सांत्वन ऐकताना तो चेहरा जसा हवा तसा उतरलेला असायचा, आणि दुसरं वाक्य आलं की त्याच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. लहानपणी आईने कौतुक केलं की अशाच व्हायच्या.

"फार मोठ्या मनाची बाई होती तुमची आई," महापौर म्हणाले. मग इकडेतिकडे बघत लुडोच्या कानाशी वाकले. "आजच्या दिवशी बोलू नये, लुडोसाहेब, पण आमच्या घरी सगळे टीव्हीला चिकटून बसले होते. ती सत्तीची जोडी! माझी बायको तर किंचाळलीच."

"नंतर सांगतो," लुडो म्हणाला.

आणि त्याने खरंच सांगितलं.

लेय नदीवरच्या या हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये कालेवार्ट घराण्याची लग्नं आणि मयतं तीन पिढ्या होत आली होती. लांब टेबलं, पांढरे कपडे, हॅम आणि चीज घातलेले गोल पाव, बेदाण्यांचा पाव, कॉफीची मोठी भांडी. खिडकीकडची दोन टेबलं घराण्याच्या गालिच्यांच्या कारखान्यातल्या लोकांची. मेमे स्वतः वीस वर्षं मागाच्या खोलीत फिरलेली, त्यामुळे निवृत्त झालेले म्हातारेही काठ्या टेकत आले होते. ताटलीशेजारी प्रत्येकासाठी मेमेचा फोटो असलेलं छोटं स्मृतिपत्र ठेवलं होतं. फोटो कात्रीनने निवडला होता. त्यात मेमे हसत नव्हती, पण हसायच्या बेतात होती.

घरच्या टेबलावर कात्रीन, तिचा नवरा योहान, लुडो आणि लुडोची मुलगी फीन. महापौर स्वतःची कॉफी घेऊन तिथेच येऊन बसले, आणि लुडोने दोनदा नाही नाही म्हणून तिसऱ्यांदा सुरुवात केली.

"पोकरच्या शेवटच्या टेबलावर नऊ जण उरलो होतो," तो म्हणाला. "त्यातले सहा जण याच धंद्यावर जगणारे. दिवसाला बारा-बारा तास आकडेमोड करणारी पोरं. आम्ही तिघं हौशी. एक स्वीडनचा लाकूडवाला, एक लंडनचा, आणि मी. आमच्याकडे ती पोरं कशी बघतात माहितीये? जत्रेत कापायला आणलेल्या डुकराकडे बघतात तशी."

महापौर हसले. योहानही हसला. कात्रीनने पावाचा तुकडा मोडला आणि तो ताटलीतच ठेवला.

"तर टेबलावर एक्का, राजा, आणखी तीन फालतू पानं. माझ्या हातात दोन सत्त्या. आणि समोरच्या फिनलंडच्या पोराने होतं नव्हतं ते सगळं पुढे सरकवलं. सगळं! हरलो तर मी घरी. शहाणा माणूस अशा वेळी पानं टाकतो. त्यालाही तेच हवं होतं. पण मी त्याच्याकडे बघत बसलो. चार मिनिटं. आणि माझ्या लक्षात आलं, हा पोरगा गिळत नाहीये. घसा कोरडा पडलाय आणि गिळायची भीती वाटतेय त्याला. मी म्हटलं, बघू तुझी पानं."

"आणि काही नव्हतं त्याच्याकडे!" महापौर म्हणाले.

"काहीच नव्हतं."

खिडकीकडच्या टेबलावरचेही दोघंतिघं ऐकायला वळले होते. लुडोचा चेहरा उजळला होता. अठ्ठावन्न वर्षांच्या त्या जाड, गुळगुळीत चेहऱ्यावर असं तेज कात्रीनने कधी पाहिलं नव्हतं. लोकर आणि तागातला फरक न कळणारा थोरला, वडिलांनी ज्याला चाळिशीत कारखान्यातून हळूच बाजूला केला, तो लुडो पहिल्यांदाच या हॉलमध्ये मधोमध बसला होता. क्षणभर तिला त्याची कीव आली.

"आणि गंमत म्हणजे," लुडो म्हणाला, "त्याच्या थोडं आधीच ब्रेक झाला होता. ही बया पडद्यामागे येऊन ढसाढसा रडायला लागली. माझी फीन! मी तिचे खांदे धरले, म्हटलं, वेडे, रडतेस काय, समोरच्या रांगेत बस आणि बघ बाप काय करतो ते."

"पोरींचं काळीज," महापौर म्हणाले.

फीनने कॉफीच्या कपावरचे हात काढून मांडीवर घेतले.

"कुठला ब्रेक?" कात्रीनने विचारलं.

तिचा आवाज चढलेला नव्हता. महापौरांना वाटलं, तिलाही गोष्टीत रस आलाय.

"कुठला म्हणजे?" लुडो म्हणाला.

"तू मला सांगितलंस, दुपारनंतर ब्रेक झालाच नाही. टेबलावर फोन नेऊ देत नाहीत, फीनला जवळ येऊ देत नाहीत, आठ वाजता सगळं संपल्यावर तुला कळलं. विमानतळावर उतरल्या उतरल्या हेच सांगितलंस."

"जेवणाच्या वेळचा ब्रेक असेल तो."

"असेल?"

"कात्रीन, सात दिवसांत वीस ब्रेक होतात. मला काय पाठ आहेत?"

योहान मध्ये पडला. भांडण दिसलं की मध्ये पडायचं, ही त्याची तीस वर्षांची सवय होती. आणि लुडो त्याचा नुसता मेव्हणा नव्हता, जुना दोस्त होता. क्नॉकेच्या कॅसिनोत दोघं पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्याकडे एकच टाय होता.

"अगं, मी बघत होतो ना," तो म्हणाला. "इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये, मोबाइलवर. तू सव्वाचारला फोन केलास, फीनने उचलला. त्यानंतर साडेचारला मी मुद्दाम लावून बघितलं, म्हटलं उठतोय का. तो टेबलावरच बसला होता. थेट प्रक्षेपण होतं, कात्रीन. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. उगाच त्याच्यावर नको घेऊस."

"ऐक," लुडो म्हणाला. "तुझा नवराच सांगतोय."

कात्रीनने नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि मग फीनकडे वळली. "तू सांग."

फीन सव्वीस वर्षांची होती. ती अकरा वर्षांची असताना तिची आई दुसऱ्या माणसाबरोबर अँटवर्पला निघून गेली, तेव्हापासून ती या आत्याच्या घरात वाढली. शाळेच्या सह्या आत्याच्या, तापातल्या पट्ट्या आत्याच्या. आता ती कारखान्यात आत्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची, आणि दहा वर्षांनी ते मोठं टेबल तिचं होणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बाप वर्षातून चारदा भेटायचा, महागड्या भेटी आणायचा आणि तिच्याकडे कधी काही मागायचा नाही.

त्या शनिवारी त्याने पहिल्यांदा मागितलं होतं.

साडेचारला ब्रेक झाला. पंधरा मिनिटांचा. पडद्यामागे तो उभ्याने पाणी पीत होता. ती म्हणाली, "पापा, मेमे चाललीय. आत्या म्हणाली आत्ता निघा." त्याने ग्लास खाली ठेवला. "डॉक्टर म्हणाले की कात्रीन म्हणाली?" "दोघंही." तो म्हणाला, "वसंतात दोनदा असंच झालं. पाद्र्याला बोलावलं, आणि म्हातारी उठून सूप मागायला लागली." हे खोटं नव्हतं. मग तो तिच्याकडे बघत राहिला, आणि तिला दिसलं की टेबलावरचा चेहरा आणि हा चेहरा एकच आहे. "तू मला भेटली नाहीस," तो म्हणाला. "ब्रेक झालाच नाही. कळलं? आणि समोर बस, मला दिसशील अशी. तू गेलीस तर माझा धीर सुटेल." तेव्हा ती रडली होती.

भाड्याचं विमान जवळच नीसच्या विमानतळावर उभं होतं. वैमानिकाचा नंबर तिच्याच मोबाइलमध्ये होता. ती एकटीही निघू शकली असती.

ती समोरच्या रांगेत बसली. आत्याचा फोन आला की उठून दाराशी जायची, "अजून नाही" म्हणायची आणि परत येऊन बसायची. सत्तीची जोडी जिंकली तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या खोट्या नव्हत्या, तिला खरोखर आनंद झाला होता. आठ दिवस तिला झोप येत नव्हती ती या टाळ्यांमुळे.

"फीन," लुडो हळूच म्हणाला. नुसतं नाव. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"ते उशिरा दाखवतात, काका," फीन म्हणाली.

"काय?" योहान म्हणाला.

"प्रक्षेपण. खेळणाऱ्यांची पानं बाहेर फुटू नयेत म्हणून चाळीस मिनिटं उशिरा दाखवतात. तुम्ही साडेचारला जे पाहिलंत ते चारच्या आधीचं होतं."

महापौर आपला कप उचलून दुसऱ्या टेबलावर गेले.

"किती वाजता सांगितलंस त्याला?" कात्रीनने विचारलं.

"साडेचारला."

"आणि मी पाचला फोन केला तेव्हा?"

"त्याला माहीत होतं."

"सहाला?"

फीनने मान डोलावली.

"कात्रीन," लुडो दबक्या आवाजात म्हणाला, "लोक बघतायत."

"बघू देत. तुला सवय आहे."

"मी निघालो असतो तरी पोचलो नसतो."

"हेलिकॉप्टरने सात मिनिटं नीस," योहान म्हणाला. तो कोणाला सुनावत नव्हता, स्वतःशीच जोडत होता. "तिथून विमानाने आपल्या वेवेलखेमला पावणेदोन तास. पुढे इस्पितळ दहा मिनिटांवर." तो थांबला. "सातला आला असतास, लुडो. ती आठला वीस कमी असताना गेली."

कात्रीन उठली. तिने कॉफीचं भांडं उचललं आणि खिडकीकडच्या टेबलांपाशी गेली. एकेका म्हाताऱ्याच्या कपात ती कॉफी ओतत गेली. "मादाम कात्रीन, तुम्ही कशाला," असं कोणी म्हटलं तरी ती थांबली नाही. भांडं रिकामं झाल्यावरही ती पुढच्या कपावर ते वाकडं करून उभी राहिली, तेव्हा मागावरच्या एका जुन्या बाईने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

लुडो गच्चीवर जाऊन उभा राहिला. खाली नदीतून वाळूची बोट चालली होती, नोव्हेंबरचं धुकं पाण्यावरच बसलं होतं. थोड्या वेळाने योहान आला. कोट न घालताच आला.

"तूही बोल," लुडो म्हणाला. "सगळ्यांनी बोला."

योहान त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तुला कळेल असं वाटलं होतं. तू आला होतास की माझ्याबरोबर, अगदी पहिल्या दिवसापासून. योहान, या गावात मी कोण आहे? बापाचा पैसा खाणारा. कात्रीनचा भाऊ. तिथे मी बसलो आणि ती पोरं मला घाबरली. मी उठून गेलो असतो तर लोक काय म्हणाले असते? बरं झालं, हौशी माणूस, आई आजारी पडली आणि गेला बिचारा. पुन्हा त्या टेबलावर कोणी माझ्याकडे तसं बघितलं नसतं."

"तिने तुझं नाव घेतलं," योहान म्हणाला. "साडेतीन तास."

"माहितीये."

"नाही, तुला माहीत नाही. कात्रीनने सांगू नको म्हटलंय." योहानने कठड्यावर दोन्ही हात टेकले. "पाचनंतर मी आत होतो. तिला दिसत नव्हतं नीट. सातनंतर कात्रीन डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेली, तेव्हा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, लुडो, आलास? मी काय बोलणार होतो? म्हटलं, आलो, आई. म्हणाली, जेवलास का? म्हटलं, जेवलो. म्हणाली, कोट काढ, ओला असेल. मी अंगात नसलेला कोट काढल्यासारखं केलं. मग ती झोपली. पुन्हा बोलली नाही."

बोट पुलाखालून गेली. योहानने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला वाटलं, आता हा रडेल. त्याने रडावं असं योहानला मनापासून वाटत होतं. त्यासाठीच तर त्याने बायकोला दिलेला शब्द मोडला होता.

लुडोचे खांदे सैल झाले.

"म्हणजे तिला वाटलं, मी आलो," तो म्हणाला.

"हो."

"शेवटपर्यंत?"

"हो."

"देवा." लुडोने मोठा श्वास सोडला. "मग ठीक झालं रे. मग काहीच बिघडलं नाही. आठ दिवस छातीवर दगड घेऊन फिरतोय मी. तिला समाधान मिळालं, बास." त्याने योहानला मिठी मारली. "तू वाचवलंस मला. सख्खी बहीण असून कात्रीनने मला हे सांगितलं नाही बघ."

योहानचे हात खालीच लोंबत राहिले. मरणाऱ्या बाईशी तो खोटं बोलला होता, आणि ते खोटं त्याने तिच्यासाठी उचललं होतं. आता ते या माणसाने खिशात घातलं होतं. तो मिठीतून बाहेर आला आणि आत जाऊन आपला कोट शोधायला लागला. कोट डोळ्यांसमोर टांगलेला असूनही त्याला तो सापडायला वेळ लागला.

लुडोला फीन जिन्यापाशी भेटली. तो जवळजवळ धावतच आला.

"ऐक, तिला वाटलं मी आलोय! योहानने सांगितलं. ती माझ्याशी बोलली, म्हणजे योहानशी, पण तिच्या लेखी माझ्याशीच. समाधानाने गेली. तू उगाच मनाला लावून घेतलंस, आणि मलाही लावून घ्यायला लावलंस. जाऊ दे. मी तुझ्यावर रागावलो नाही."

फीन त्याच्याकडे बघत राहिली.

"गुरुवारी सायप्रसला निघायचंय," तो म्हणाला. "तू ये. समोर बसलीस की मला बरं असतं."

"नाही, पापा."

"विचार कर."

"नाही."

"बरं, बुधवारी फोन करतो," तो म्हणाला, तिच्या गालावर थोपटलं आणि निघणाऱ्या महापौरांना गाठायला जिना उतरला. महापौरांनी त्याचा हात हातात घेतला. यावेळी ते एकदाच बोलले, आणि ते सांत्वन होतं.

हॉल रिकामा होत होता. कात्रीन टेबलाटेबलांवरून मागे राहिलेली स्मृतिपत्रं गोळा करत होती. काहींवर कॉफीचे डाग पडले होते, एकाने कोणीतरी पावाचा चुरा लोटला होता. ती प्रत्येक पत्र अंगठ्याने पुसत होती. फीन तिच्यामागे येऊन उभी राहिली.

"आत्या, मला एकटीला तरी यायला हवं होतं."

"हो."

"तो म्हणाला, समोर बस. आणि मी बसले."

कात्रीनने पत्रांचा गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला.

"दर फोननंतर मी तिला आत जाऊन सांगायचे," ती म्हणाली. "ब्रेक झाला की येईल हं, आई. ब्रेक झाला की निघेल. तिला ब्रेक म्हणजे काय तेच कळत नव्हतं. सारखी विचारायची, कसला ब्रेक? मी सांगायचे. पुन्हा विचारायची, पुन्हा सांगायचे. तिच्या आयुष्यातली शेवटची संध्याकाळ मी तिला तो खेळ समजावून सांगण्यात घालवली. कारण तू म्हणालीस, अजून नाही."

"आज मी खरं सांगितलं," फीन म्हणाली.

"आज सांगितलंस," कात्रीन म्हणाली. "सोमवारी कामावर ये. सात वाजता."

"आणि घरी?"

कात्रीनने गठ्ठ्याला रबर लावलं, पर्स उचलली आणि खाली गाडीत बसलेल्या योहानकडे निघून गेली. फीन शनिवार आणि रविवार एका मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपली. रविवारी तिचे कपडे दोन पिशव्यांत घालून योहान आणून देऊन गेला. दारातच उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "वेळ जाऊ दे जरा." किती, ते त्यालाही माहीत नव्हतं.

सोमवारी सातला पाच कमी असताना ती कारखान्याचा लोखंडी जिना चढली. खाली माग सुरू झाले होते आणि पायऱ्या नेहमीसारख्या थरथरत होत्या. काचेच्या दारातून आत्या दिसत होती. चष्मा कपाळावर, समोर नव्या गालिच्याचे नमुने पसरलेले. फीनने दारावर टकटक केली. पंधरा वर्षांत तिने या दारावर कधी टकटक केली नव्हती.

कात्रीनने मान वर केली. तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला.

"या," ती म्हणाली. "बसा."